वर्षभराचा माग, नऊ दिवसांची शिकार

मार्चचा दुसरा आठवडा. डोंगराच्या उत्तर उतारावर बर्फ अजून घोटाभर होता, दक्षिणेकडे मात्र मागच्या वर्षीचा पालापाचोळा उघडा पडला होता. माझ्या पुढे चालणारे गृहस्थ थांबले, वळले, माझ्या जॅकेटच्या बाहीजवळ नाक नेऊन त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

कांदेपोहे. जॅकेट स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीवर असतं. फोडणीतला हिंग त्यात वर्षानुवर्षं मुरलेला.

"हे मला कळतंय," ते म्हणाले, "म्हणजे त्यांना तू गाडीतून उतरलास तेव्हाच कळलं."

'त्यांना' म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांना. शिकारीचा मोसम उघडायला आठ महिने होते. आमच्या दोघांकडे बंदूक नव्हती. त्यांच्या हातात एक काठी, माझ्या हातात वही. तरी पुढच्या खेपेपासून जॅकेट गॅरेजमध्ये टांगायचं, असा हुकूम निघाला.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराजवळ राहतो. हे माझे शेजारी. वय ७१. हयातभर त्यांनी दुधाचा टँकर चालवला, गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करून डेअरीत पोचवलं. इंग्रजीत मी त्यांना सरळ नावाने हाक मारतो, पण मराठीत लिहायला बसलं की 'तो' लिहवत नाही. या लेखासाठी त्यांनी दोन अटी घातल्या. नाव छापायचं नाही आणि जागा सांगायची नाही. पहिल्या अटीवर त्यांनी थोडी घासाघीस करू दिली, दुसरीवर अजिबात नाही. तेव्हा एवढंच सांगतो, की जागा मॅडिसनच्या पश्चिमेला तासाभराच्या आत आहे.

हा भाग भूगोलाच्या दृष्टीनेही वेगळा आहे. हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश हिमनद्यांनी रंधा मारल्यासारखा सपाट केला, पण नैर्ऋत्य विस्कॉन्सिनचा हा तुकडा त्यातून वाचला. त्यामुळे इथे उंच धारा आहेत, खोल घळी आहेत, माथ्यावर मक्याची नि सोयाबीनची शेतं, उतारावर ओकचं रान आणि तळाला ओढे. ज्याने तरुणपणी राजगड-तोरणा पालथा घातला आहे, त्याला ही जमीन वाचायला वेळ लागत नाही. सोंड, खिंड, पदर हे शब्द मला आयतेच उपयोगी पडले. पदर म्हणजे माथा आणि पायथा यांच्या मधली सपाटीची पट्टी. हरणांची बसायची जागा नेमकी तिथेच असते.

ते समजायला मला दोन फेऱ्या लागल्या. शेजाऱ्यांनी मला उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, एका सोंडेच्या टोकाशी, पाल्यात दाबला गेलेला लंबगोल खळगा दाखवला. "इथे बस." मी बसलो. पाठीमागून, म्हणजे माथ्यावरून, वारा येत होता. समोर सगळी दरी दिसत होती. मागून कुणी आलं तर वास येणार, पुढून आलं तर दिसणार. शिवाय ऊन चढलं की दरीतली गरम हवा वर येते, म्हणजे खालचे वासही फुकट मिळतात. संध्याकाळी उलट होतं. थंड हवा उताराने खाली सरकते. शिकाऱ्याने सकाळी कुठल्या बाजूने चढायचं आणि संध्याकाळी कुठे बसायचं, याचं निम्मं गणित या दोन वाक्यांत आहे. मी त्या खळग्यात पाच मिनिटं बसलो आणि पहिल्यांदा मला वाटलं, आपण हरणाच्या डोक्याने विचार करतोय. तेवढ्यात पार्श्वभाग ओला झाला आणि विचार संपला.

विस्कॉन्सिनात बंदुकीच्या शिकारीचा मुख्य मोसम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू, नंतरच्या रविवारी बंद. धनुर्बाणाचा मोसम सप्टेंबरच्या मध्यापासून चालतो, पण गावं रिकामी होतात ती या नऊ दिवसांत. साठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या राज्यात बंदुकीचे परवाने निघतात साडेपाच लाखांच्या घरात, म्हणजे दर दहा माणसांमागे साधारण एक. त्या नऊ दिवसांत पावणेदोन लाखांच्या आसपास हरणं मारली जातात. आषाढात पंढरीला जाणाऱ्यांची हाफिसातली रजा साहेबाने नाकारायची नसते, तसंच इथे. उत्तरेकडच्या काही शाळा तर सुट्टीच देतात.

आकडे लक्षात घेतले तर दोन-तृतीयांश लोक रिकाम्या हाताने परततात हेही कळतं. माझे शेजारी मात्र गेल्या वीसेक वर्षांत दोनदाच रिकामे परतले. नेमबाजीत ते फार मोठे नाहीत, हे तेच सांगतात. त्यांची रायफल त्यांच्या वडिलांची आहे. त्यांच्याकडे महागडा पेहराव नाही, चारचाकी रानगाडी नाही. त्यांच्याकडे आहेत एकोणतीस वह्या. दर वर्षाची एक.

मार्चमध्येच का हिंडायचं, याचं उत्तर त्या वह्यांत आहे. बर्फ वितळतो तेव्हा मागच्या नोव्हेंबरचं रान जसंच्या तसं उघडं होतं. हरणांच्या वाटा पाल्यात खोल दाबलेल्या दिसतात. नराने शिंगं घासून सोललेली झाडं दुरून पांढरी चमकतात. साल कुठल्या बाजूची निघाली आहे यावरून तो कुठून येत होता ते कळतं. माजाच्या दिवसांत नर पुढच्या खुराने जमीन उकरतो, त्यावर मुततो आणि वर लोंबणाऱ्या फांदीला तोंड-कपाळ घासून आपला वास ठेवतो. ती उकरलेली जागा आणि ती मोडकी फांदी मार्चमध्येही सापडते. शिवाय झाडं निष्पर्ण, नजर लांब जाते. आणि सर्वात महत्त्वाचं, या दिवसांत तुम्ही त्यांच्या अंथरुणात जाऊन बसलात तरी बिघडत नाही. नोव्हेंबरपर्यंत ती विसरतात. ऑक्टोबरमध्ये हाच आगाऊपणा केलात तर मोठा नर ती सोंड सोडून जातो, नाहीतर फक्त रात्रीच फिरकतो. गळ्यात जीपीएसचे पट्टे घातलेल्या हरणांच्या अभ्यासांतूनही हेच दिसलं आहे, की ज्या मचाणावर माणूस बसून गेला त्याच्या आसपास ती पुढचे काही दिवस उजेडात येत नाहीत. शेजाऱ्यांनी पट्टा न बांधता हे कधीच वहीत लिहून ठेवलं होतं.

मार्चचा दुसरा लोभ म्हणजे गळलेली शिंगं. इथे एक मराठी भानगड आहे. आपण काळवीटही हरीण म्हणतो आणि चितळही. पण काळविटाची शिंगं पोकळ, आतल्या हाडावर बसलेली आणि जन्मभराची. चितळ, सांबर आणि ही पांढऱ्या शेपटीची मंडळी वेगळ्या कुळातली. त्यांची शिंगं भरीव हाडाची, दरवर्षी गळून नवी येणारी, आणि फक्त नराला. चितळाचं त्यातही काही वेळापत्रक नसतं, कुठल्याही महिन्यात कुणाची गळलेली तर कुणाची पूर्ण वाढलेली. विस्कॉन्सिनात हिवाळा सगळ्यांना एका वेळापत्रकात बांधतो. डिसेंबर ते मार्च शिंगं गळतात, एप्रिलपासून नवी फुटतात, ऑगस्टअखेर पूर्ण होतात, सप्टेंबरच्या सुरुवातीला वरची मखमली कातडी फाटून लोंबते आणि एक-दोन दिवसांत घासून साफ होते. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगाने वाढणारं दुसरं हाड नाही.

गळलेलं शिंग सापडलं की त्याचा पहिला अर्थ असा, की हा नर शिकारीतून वाचला. दुसरा अर्थ, की हिवाळ्यात तो इथे होता. नोव्हेंबरमध्येही इथेच असेल असं नाही. नवखे शिकारी पहिला अर्थ घेतात, दुसरा विसरतात. आम्हाला त्या दिवशी एकच सापडलं, उंदरांनी कुरतडलेलं. रानात कॅल्शियम असं कुणी वाया जाऊ देत नाही.

घरी फोनवर आईला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, सीतेनं नुसतं मागितलं तर एवढं रामायण झालं."

तिचं चुकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीला शिकार म्हणजे गुन्हा, आणि ते योग्यच आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर मी एकदा बसलो आहे. चंद्रप्रकाशात आलेलं प्रत्येक सांबर कागदावर लिहायचं, आवाज करायचा नाही, सकाळी कागद वनखात्याला द्यायचा. शेजाऱ्यांना मी ही गोष्ट सांगितली तर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हीही तेच करता," ते म्हणाले. मी म्हटलं, शेवट सोडून. ते म्हणाले, "शेवट एका मिनिटाचा असतो."

हे उत्तर मला त्या वेळी पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण वर्षभर त्यांच्या मागे हिंडल्यावर एवढं मात्र सांगतो, की मी ओळखत असलेल्या पक्षिनिरीक्षकांपैकी फार थोड्यांनी एका डोंगराकडे इतक्या चिकाटीने पाहिलं आहे.

अमेरिकेतही शिकारीला नेहमीच नियम होते असं नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारात विकण्यासाठी इतकी बेसुमार कत्तल झाली, की १९०० च्या सुमारास सगळ्या देशात या हरणांची संख्या पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहे. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार थांबवला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. जो मारतो तोच राखणीचे पैसे भरतो, असा हा उलटा हिशेब आहे.

आणि या राज्यात हरणांबद्दल बोलायचं तर आल्डो लिओपोल्ड यांना टाळता येत नाही. १९३३ मध्ये 'गेम मॅनेजमेंट' हे पाठ्यपुस्तक लिहून ते विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये त्यांनी बाराबू गावाजवळ, विस्कॉन्सिन नदीकाठी, एक नापीक झालेलं शेत आणि त्यातला कोंबड्यांचा खुराडा विकत घेतला. तो खुराडा झाडून-पुसून राहण्याजोगा केला आणि तिथल्या नोंदींतून पुढे 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक झालं. त्याचा पहिला भाग जानेवारी ते डिसेंबर, एकेक महिना एकेक प्रकरण. जानेवारीच्या प्रकरणात लेखक करतो काय, तर बर्फावर उमटलेला एका स्कंकचा माग काढत हिंडतो. शिकार नाही, काही नाही. पुस्तक १९४९ मध्ये आलं. ते छापलेलं बघायला लिओपोल्ड नव्हते. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना ते गेले.

ते स्वतः शिकारी होते, धनुष्यं हाताने बनवत. १९३४ मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन परगण्यांत धनुर्बाणाने हरणाच्या शिकारीचा खास मोसम उघडला, तो या देशातल्या अशा पहिल्या मोसमांपैकी. पण त्यांना लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या त्या दुसऱ्याच गोष्टीसाठी. हरणं फार झाली, कोवळी झाडं उरत नाहीत, हिवाळ्यात हरणं उपाशी मरतात, तेव्हा माद्याही मारू द्या, असं ते सांगत होते. १९४३ मध्ये ते झालं. सव्वा लाखाच्या वर हरणं पडली आणि वर्तमानपत्रांनी त्याला त्रेचाळीसचा गुन्हा म्हटलं. माझ्या शेजाऱ्यांचे वडील त्या वर्षी तरुण होते. लिओपोल्ड हे नाव त्या घरात बरीच वर्षं चांगल्या अर्थाने घेतलं जात नव्हतं. आता घरात त्यांच्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत.

एप्रिल-मेबद्दल थोडक्यात. रान हिरवं होतं आणि गोचिड्या उठतात. इथल्या बारीक गोचिडीतून लाइम हा आजार होतो. मेमध्ये मला गुडघ्यामागे चट्टा उठला. पहिल्या दवाखान्यात तो ॲलर्जी समजून मलम देऊन मला घरी पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी निदान झालं आणि तीन आठवडे गोळ्या चालल्या. तेव्हापासून पँट मोज्यात खोचून हिंडतो, शाळकरी पोरासारखा. जूनमध्ये रानात जायचंच नाही. पाडसं नुकतीच जन्मलेली असतात, गवतात निपचित पडलेली असतात, आणि आई जवळपासच असते.

जुलै-ऑगस्टची टेहळणी मात्र सुखाची. पिकअप ट्रक रस्त्याकडेला उभा करायचा, काचेवर दुर्बीण टेकवायची आणि सोयाबीनच्या शेताकडे बघत बसायचं. सूर्य कलला की नर बाहेर येतात, तीन-चारजण एकत्र, मखमली शिंगांचे, एकमेकांचे कान चाटणारे. पुढे तीन महिन्यांनी एकमेकांचे डोळे फोडायला निघणारे हेच. मी पहिल्या संध्याकाळी सात नर मोजले आणि उत्साहाने म्हटलं, "झालं की! इथेच मचाण बांधायचं."

शेजारी हसले. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या कडेला मचाण बांधून नोव्हेंबरमध्ये रिकामं शेत बघत बसलेल्या माणसांनी हे राज्य भरलेलं आहे. सप्टेंबरमध्ये मखमल गळते, अंगात पुरुषपणाचं पाणी चढतं आणि ही मित्रमंडळी फुटते. सोयाबीनची पानं पिवळी पडतात, चव जाते. आणि ओकची बोंडं पडायला लागतात.

ओकबद्दल मी काहीच जाणत नव्हतो. पांढऱ्या ओकचं बोंड एका वर्षात पिकतं आणि त्यात टॅनिन कमी, म्हणून गोड. तांबड्या ओकच्या बोंडाला पिकायला दोन उन्हाळे लागतात आणि ते कडू असतं. पांढऱ्या ओकखाली बोंडं असेतो हरणं तांबड्याकडे ढुंकून बघत नाहीत. ती संपली, की मग हिवाळ्यात कडू बोंडांवर येतात. पण पांढरा ओक दरवर्षी सारखा फळत नाही. एखाद्या वर्षी रस्ता, छप्पर, अंगण सगळं बोंडांनी भरतं, पुढच्या वर्षी एकही नाही. म्हणून ऑगस्टअखेर शेजारी दुर्बीण हरणांवरून काढतात आणि झाडांच्या शेंड्यांना लावतात. कुठल्या झाडाला किती लागलंय, हे वहीत उतरतं. त्यांच्या डोंगरावर असे अकरा पांढरे ओक आहेत आणि प्रत्येकाला त्यांनी ठेवलेलं नाव आहे. ती नावं छापायलाही परवानगी मिळाली नाही.

टेहळणीचा एक भाग कुठल्याही नकाशात दिसत नाही. तो म्हणजे जमिनीचा मालक. इथलं बरंचसं रान खासगी आहे आणि परवानगीशिवाय पाय ठेवला तर गुन्हा. आता फोनवरच्या नकाशात प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव येतं, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांच्या दारात अनोळखी लोक टोपी हातात घेऊन उभे राहतात. शेजाऱ्यांना मालकांचं नाव शोधावं लागत नाही. चाळीस वर्षं त्यांनी याच गोठ्यांतून दूध उचललं. जुलैत ते त्यातल्या एका घरी चारा रचायला जातात, कुंपणाचे खांब बदलतात, आणि डिसेंबरमध्ये मटणाचा वाटा पोचवतात. "तुझा वह्यांचा अभ्यास एकीकडे," त्या घरच्या बाई मला म्हणाल्या, "पण इथे यायला मिळतं ते त्याने आमची वासरं वादळात शोधून दिली म्हणून."

मालकी हा इथे नाजूक विषय आहे. या जंगलावर पहिला हक्क कुणाचा होता, हा प्रश्न विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात अजून ताजा आहे. ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या करारांत जमीन दिली, पण त्या जमिनीवर शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क जिवंत आहे हे न्यायालयाने मान्य केलं १९८३ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं तळ्यांकाठी त्यांच्यावर दगड आणि शिव्या पडल्या. आणि नोव्हेंबर २००४ मध्ये, उत्तरेतच, दुसऱ्याच्या जमिनीवरच्या मचाणावर बसलेला एक मॉंग शिकारी आणि तिथले शिकारी यांच्यात बाचाबाची होऊन सहा माणसं मेली. त्या मॉंग शिकाऱ्याला जन्मठेप झाली. जानेवारी २००७ मध्ये याच राज्याच्या रानात एका मॉंग शिकाऱ्याचा खून झाला. मॉंग म्हणजे व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून आलेले निर्वासित. डोंगरात शिकार करणं त्यांच्या रक्तात होतं, खासगी जमीन ही कल्पना नव्हती. माझ्या कातडीचा रंग बघून रानात कुणी मला त्यांच्यातलाच समजलं तर, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. शेजाऱ्यांशी मी तो बोललो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक भडक नारिंगी जाकीट आणून दिलं आणि वाटेतल्या तिन्ही शेतकऱ्यांशी माझी नावानिशी ओळख करून दिली.

कॅमेऱ्याबद्दल मला तिखट बोलायचं आहे. झाडाला बांधायचा, हालचाल झाली की फोटो काढणारा कॅमेरा आपल्याकडे वाघांच्या गणनेमुळे माहीत आहे. इथे आता त्यात सिमकार्ड असतं आणि फोटो थेट फोनवर येतो. शेजाऱ्यांचा एक पुतण्या चौदा कॅमेरे चालवतो. तो ऑफिसात बसून, मीटिंगमध्ये, टेबलाखाली हरणं बघतो. त्याला प्रत्येक नर शिंगांवरून ओळखता येतो. पण नर कुठे झोपतो ते सांगता येत नाही. कारण तिथे पुतण्या कधी गेलेलाच नाही. बून अँड क्रॉकेट क्लब ही १८८७ पासूनची शिकाऱ्यांची संस्था, थिओडोर रूझवेल्ट तिच्या संस्थापकांपैकी. थेट फोटो पाठवणाऱ्या यंत्राच्या मदतीने मारलेला प्राणी ती आपल्या विक्रमांच्या यादीत घेत नाही. ॲरिझोनाने जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी झाडावरचे कॅमेरे वापरण्यावर सरसकट बंदी घातली. कोरड्या मुलुखात एकेका पाणवठ्यावर पंचवीस-पंचवीस कॅमेरे लागल्यावर दुसरं काय होणार? विस्कॉन्सिनात बंदी नाही. शेजाऱ्यांकडे दोन कॅमेरे आहेत, जुने, कार्ड काढून बघायचे. ते कार्ड दीड महिन्यातून एकदा, भर दुपारी, पाऊस येण्याच्या आधी काढतात, म्हणजे पायांचा वास धुऊन जातो. कॅमेरा हरीण इथे होतं एवढंच सांगतो. ते कुठून आलं, वारा कुठला होता, बोंडं कुठली पडत होती, हे सांगायला कुणीतरी तिथे उभं असावं लागतं. ज्याला फक्त पहिली गोष्ट हवी आहे त्याने मटण दुकानातून आणावं, असं माझं मत आहे. ते कुणी विचारलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही रानात गेलोच नाही. पुतण्याने फोनवर एक प्रचंड नर पाठवला, रात्री २ वाजून १० मिनिटांनी एका उकरलेल्या जागेवर उभा. "त्या जागा रात्रीच्याच असतात," शेजारी म्हणाले आणि पुन्हा गाजराच्या वाफ्याकडे वळले. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा म्हणजे माज ऐन भरात. तो चंद्रावर अवलंबून असतो अशी इथल्या निम्म्या शिकाऱ्यांची श्रद्धा. पौर्णिमा-अमावास्येचे तक्ते विकत मिळतात. आपल्या पंचांगाला इथे चांगला बाजार आहे. प्रत्यक्षात तो दिवसाच्या लांबीवर ठरतो आणि दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतो. मग सुमारे दोनशे दिवसांनी, म्हणजे मेअखेर-जूनमध्ये, गवत वाढलेलं असताना पाडसं.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार, मोसमाचा पहिला दिवस. १९७३ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घेतल्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही; मी ते घेतलेलं नव्हतं, म्हणून मी नुसता बघणारा. शनिवार-रविवार काही नाही. सगळीकडून बार ऐकू येत होते, आमच्या खिंडीत खारी. तिसऱ्या दिवशी पहाटे वारा फिरला. आग्नेयेकडून येत होता, तिथे तो क्वचितच तसा असतो. शेजाऱ्यांनी टॉर्चच्या उजेडात त्या वर्षीची वही उघडली, मार्चचं पान काढलं. आम्ही ठरलेल्या मचाणाकडे न जाता ओढ्यातून, पाण्यातून चालत, दुसऱ्या सोंडेच्या पायथ्याशी एका पडलेल्या बुंध्यामागे जाऊन बसलो. मार्चमध्ये मी त्याच बुंध्यावर बसून डबा खाल्ला होता. त्यांनी तेव्हा पानाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: आग्नेय वारा, फक्त इथे.

साडेआठच्या सुमारास तो आला. पुतण्याच्या फोटोतला नव्हता. मध्यम अंगाचा, तीनेक वर्षांचा नर. पदरावरून उतरून, नाक वाऱ्यात धरून, त्या अकरा ओकांपैकी एकाकडे निघाला होता. वारा त्याच्या तोंडावर होता आणि आम्ही त्याच्या मागच्या अंगाला, वाऱ्याच्या खाली. शेजाऱ्यांनी मागे काय आहे ते पाहिलं, मातीचा उतार होता, आणि बार टाकला. तो चाळीस पावलं धावला. मी घड्याळ पाहिलं नाही, पण एक मिनिटाहून कमीच झालं असेल.

पोट फाडून आतडी काढताना मी पाय धरले होते. वाफ निघत होती. मला मळमळलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. नंतर शिंगाला दोरी बांधून आम्ही त्याला ओढ्यापर्यंत ओढत आणलं, दोन ठिकाणी बसलो, आणि शेजाऱ्यांनी वहीत वेळ, वारा, झाड आणि वय लिहिलं. वजन लिहिलं नाही.

विस्कॉन्सिनात मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत करावी लागते. आमच्या भागात आणखी एक काम असतं. फेब्रुवारी २००२ मध्ये मॅडिसनजवळच्या माउंट होरेब गावाच्या परिसरात मारलेल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग हा रोग सापडला. वेड्या गाईच्या रोगाच्या जातीचा. त्याचं कारण जंतू नाही, विषाणू नाही, वाकडं वळलेलं एक प्रथिन. हरीण वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसतं, मग झिजून मरतं. ते प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं, शिजवून मरत नाही. माणसाला झाल्याची नोंद अद्याप नाही, पण बाधित प्राणी खाऊ नये असं आरोग्य यंत्रणा सांगतात. नैर्ऋत्य विस्कॉन्सिनच्या काही भागांत आज प्रौढ नरांपैकी तीनातल्या एकाहून अधिक बाधित निघतात. तपासणी फुकट असते: गावोगावी पेट्या ठेवलेल्या, त्यात डोकं चिठ्ठीसकट ठेवायचं, गळ्यातल्या गाठींची परीक्षा होते.

आम्ही डोकं ठेवलं. मटण पाकिटांत भरून, पाकिटांवर तपासणीचा क्रमांक लिहून फ्रीझरमध्ये गेलं. बाईंच्या घरचा वाटाही त्यातच, वेगळा बांधून. दोन आठवड्यांनी निकाल आला: बाधित. शेजाऱ्यांनी पाकिटं मोजली, गाडीत भरली आणि सरकारी परवानगीच्या कचरापेटीत नेऊन टाकली. परतताना एवढंच म्हणाले, "दिसायला तर चांगला होता." वहीत त्या पानावर नंतर त्यांनी तो क्रमांक आणि एक फुली घातली आहे.

विस्कॉन्सिन, इलिनॉय, मिनेसोटा या भागांत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. डिसेंबरमध्ये शेजारी दाराशी येऊन हरणाच्या मटणाचं पाकीट देईल, आनंदाने घ्या. पण फोडणी टाकायच्या आधी त्याला तपासणीचा निकाल विचारा. खरा शिकारी असेल तर त्याला राग येणार नाही. त्याच्याकडे क्रमांक लिहिलेला असतो.